कोबीतला किडा मेंदूत जातो का?

१. प्रश्नातली खरी आणि खोटी बाजू

कोबी किंवा फ्लॉवर खाल्ल्याने मेंदूत किडा जातो, असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर येऊन पडतो. त्याबरोबर मेंदूच्या स्कॅनचे एक चित्र असते, चित्रात पांढरे ठिपके असतात, आणि शेजारी कोबीच्या पानावरची हिरवी अळी दाखवलेली असते. गंमत अशी की सुट्या सुट्या पाहिल्या तर यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत. मेंदूत गाठी करणारा कृमी आहे, त्यामुळे माणसाला आकडी येते, स्कॅनमध्ये तो दिसतो, आणि कोबीवर हिरवी अळीही असते. चूक आहे ती या गोष्टी एकमेकींना जोडण्यात. कोबीवरची अळी ही एका पतंगाची अळी आहे. शेतकरी तिला चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी म्हणून ओळखतात आणि तिच्यावर फवारणी करतात. ती भाजीबरोबर शिजली किंवा चुकून कच्ची पोटात गेली तरी पचून जाते. मेंदूत जाणारा प्राणी वेगळा. त्याचे नाव टीनिया सोलियम, म्हणजे डुकराच्या मांसातून माणसात येणारा पट्टकृमी.

हे ऐकले की शाकाहारी माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच दुसरी चूक होते. कारण मेंदूत या कृमीच्या गाठी सापडलेल्या रुग्णांत आयुष्यात कधी मांस न खाल्लेली माणसेही असतात. उलट अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाणाऱ्याला त्या मांसातून जो कृमी मिळतो तो आतड्यात राहतो, मेंदूत जात नाही. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात आणि न खाणाऱ्याच्या मेंदूत, असा उलटा हिशेब कसा लागतो? याचे उत्तर त्या कृमीच्या आयुष्यक्रमात आहे. त्याला पूर्ण आयुष्य जगायला दोन वेगळे प्राणी लागतात, आणि त्या दोघांना तो अगदी वेगळी कामे लावतो. कोणत्या प्राण्याला किती त्रास होणार हे बऱ्याच अंशी त्या कामावरूनच ठरते, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

२. दोन यजमान

दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारा तो परजीवी, आणि ज्याच्या शरीरात तो राहतो तो यजमान. जंत, गोलकृमी असे पुष्कळ परजीवी एकाच यजमानावर भागवतात: माणसातून अंडी मातीत, मातीतून पुन्हा माणसात. पण पट्टकृमी, पर्णकृमी, हत्तीरोगाचे कृमी, मलेरियाचे जंतू यांचे तसे नाही. त्यांना किमान दोन यजमान लागतात, काहींना तीन. ज्याच्या शरीरात परजीवी प्रौढ होतो आणि त्याचे नर-मादीचे मीलन होते, तो मुख्य यजमान. ज्याच्या शरीरात तो अळीच्या किंवा अपक्व अवस्थेत राहतो, तो मध्यस्थ यजमान. ही नावे देताना आपला मोठेपणा कोणी विचारात घेतलेला नाही. मलेरियाच्या जंतूचे मीलन डासाच्या पोटात होते, म्हणून त्या जंतूच्या हिशेबात डास मुख्य आणि माणूस मध्यस्थ ठरतो.

टीनिया सोलियमचा मुख्य यजमान मात्र माणूसच. त्याचा प्रौढ कृमी माणसाच्या लहान आतड्यात आकड्यांनी आणि चूषकांनी चिकटून राहतो, दोन ते चार मीटरपर्यंत वाढतो आणि काही वर्षे जगतो. एकाच कृमीत नराचे आणि मादीचे दोन्ही अवयव असतात. त्याचे शरीर म्हणजे शेकडो चपट्या तुकड्यांची माळ. शेवटचे तुकडे अंड्यांनी भरले की तुटून शौचावाटे बाहेर पडतात. जिथे उघड्यावर शौच होते आणि डुकरे मोकळी फिरतात तिथे ही विष्ठा डुक्कर खाते. डुकराच्या आतड्यात अंडी फुटतात, आतली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, आणि रक्ताबरोबर स्नायूंत जाऊन बसते. तिथे तिच्याभोवती पाण्याने भरलेली अर्धा ते एक सेंटिमीटरची गाठ तयार होते. गाठीत पुढच्या कृमीचे डोके आत वळून तयार असते. हे मांस कच्चे राहून माणसाच्या पोटात गेले की डोके बाहेर येते, आतड्याला चिकटते, आणि फेरा पुरा होतो. म्हणजे एकाच कृमीची दोन रूपे: माणसातला लांब फितीसारखा प्रौढ आणि डुकरातली गाठ. दोन्ही रूपांत कसलेही बाह्य साम्य नाही.

साम्य नसल्यामुळेच हे नाते ओळखायला फार उशीर झाला. प्राणिशास्त्रज्ञांनी गाठीला वेगळा प्राणी समजून वेगळे नाव दिले होते. अशा गाठी आजारी मांसातून आपोआप उपजतात असे मानणारेही होते. १८४२ साली डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुपने दाखवून दिले की काही प्राण्यांत एका पिढीचे रूप पुढच्या पिढीशी जुळत नाही, आणि पर्णकृमींच्या ज्या अवस्थांना निरनिराळे प्राणी समजले जाते त्या एकाच प्राण्याच्या आहेत. मग पट्टकृमीची पाळी आली. १८५३ मध्ये बेल्जियमच्या व्हान बेनेडेनने डुकराला पट्टकृमीची अंडी खाऊ घातली, आणि त्या डुकराच्या मांसात गाठी मिळाल्या. उलटी बाजू तपासायला माणूस हवा होता. जर्मनीतल्या झिटाऊ गावचा डॉक्टर क्यूखेनमायस्टर याने १८५५ मध्ये मृत्युदंड होणार असलेल्या एका कैद्याला, त्याच्या नकळत, जेवणातून या गाठी दिल्या. मृत्युदंडानंतर शवविच्छेदनात आतड्याला चिकटलेले कोवळे पट्टकृमी सापडले. त्या काळातही या प्रयोगावर टीका झाली, आणि आज कोणी तो करू धजणार नाही. पण गाठ आणि कृमी एकच, याबद्दलचा वाद त्याने मिटला.

३. हा सारा खटाटोप कशासाठी?

इथे विचारी वाचकाला शंका येते. एका शरीरात राहायची सोय झाली असताना परजीवीने दुसऱ्याच्या भानगडीत पडायचेच कशाला? प्रत्येक वाढत्या यजमानागणिक जोखीम वाढते. अंडे डुकराच्याच तोंडात जायला हवे, ते डुक्कर कापले जायला हवे, मांस कच्चे राहायला हवे, आणि ते खाणारा माणूसच हवा. यातली एक गोष्ट चुकली तरी सगळे संपले.

जोखीम खरीच आहे, आणि परजीवी तिची किंमत मोजतात. पट्टकृमीच्या एका पिकलेल्या तुकड्यात तीस ते पन्नास हजार अंडी असतात. समजा रोज चार तुकडे गळतात आणि प्रत्येकात चाळीस हजार अंडी आहेत. रोजची १ लाख ६० हजार झाली, वर्षाची सुमारे ५ कोटी ८४ लाख. कृमी तीन वर्षे जगला तर साडेसतरा कोटींच्या वर. कृमींची संख्या वाढत नाही, घटतही नाही असे धरले, तर या साडेसतरा कोटींतून सरासरी एकच प्रौढ होतो. उरलेली सगळी अंडी वाया. पर्णकृमी हा तोटा वेगळ्या रीतीने भरून काढतात. गुरांच्या आणि मेंढ्यांच्या यकृतात राहणाऱ्या पर्णकृमीची एक अळी गोगलगायीत शिरते आणि तिथे विना-मीलन वाढत जाऊन शेकडो अळ्या होऊन बाहेर पडते. इंग्लंडचा थॉमस आणि जर्मनीचा लॉयकार्ट यांनी १८८० च्या सुमारास स्वतंत्रपणे हा फेरा उलगडला. याच सुमाराला ओल्या हंगामांत इंग्लंडमध्ये लाखो मेंढ्या या कृमीने मेल्या होत्या, त्यामुळे या संशोधनाकडे नुसते प्राणिशास्त्राचे कुतूहल म्हणून कोणी पाहत नव्हते.

पण किंमत मोजता येते म्हणून ती का मोजावी, हे त्यातून कळत नाही. कारण शोधायचे तर कृमी काय ठरवतो हा विचार सोडून, त्याच्या पूर्वजांवर काय प्रसंग ओढवत होते ते पाहावे लागते. लहान प्राण्यात राहणाऱ्या परजीवीचा यजमान कधीतरी मोठ्या प्राण्याच्या तोंडी पडतोच. बहुतेक परजीवी यजमानाबरोबर पचून जातात. पण एखादा असा निघाला की मोठ्या प्राण्याच्या पोटातही तो तगला, तर त्याला अचानक जास्त मोठे, जास्त काळ जगणारे घर मिळते. तिथे तो मोठा होतो, जास्त अंडी घालतो. शिवाय शिकारी प्राणी अनेक भक्ष्ये खातो, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणचे परजीवी त्याच्या पोटात एकत्र येतात आणि जोडीदार मिळणे सोपे होते. असे झाले की मीलन मोठ्या यजमानात सरकते आणि जुना लहान यजमान मध्यस्थ होऊन मागे राहतो. दुसरी वाट खालून येते. परजीवी मोठ्या प्राण्यातच राहतो, पण जमिनीवर पडलेली त्याची अंडी थेट त्या प्राण्याच्या तोंडी क्वचितच जातात. मात्र त्या प्राण्याचे भक्ष्य असलेला कोणी लहान प्राणी ती सहज खातो. कोकणातल्या एका वाडीतून पलीकडच्या वाडीला थेट एसटी नसली की माणूस तालुक्याच्या स्टँडवर उतरून दुसरी गाडी धरतो. अंतर वाढते, पण पोचण्याची खात्रीही वाढते. २००३ मध्ये पार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही वाटांचे गणित 'नेचर' नियतकालिकात मांडले. कोणत्या परिस्थितीत यजमान वाढणे परजीवीच्या फायद्याचे ठरते, हे त्यातून दिसते.

हे गणित पट्टकृमीला लागू पडते याचा एक पुरावा रंजक आहे. डुकराने आपल्याला कृमी दिला असे आपण धरून चालतो. २००१ मध्ये होबर्ग आणि सहकाऱ्यांनी टीनिया गटातल्या कृमींची नाती तपासली, तेव्हा उलटे चित्र निघाले. माणसातल्या टीनिया कृमींचे जवळचे नातलग आफ्रिकेतल्या सिंह, तरस अशा मांसाहारी प्राण्यांत आहेत. त्यांच्या निष्कर्षानुसार आपले पूर्वज आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात जी शिकार खात, तीच खाणाऱ्या या प्राण्यांच्या फेऱ्यात ते सापडले. हे सगळे डुक्कर आणि गाय माणसाळण्याच्या फार आधी घडले. म्हणजे माणूस मांस खाऊ लागला म्हणून मुख्य यजमान झाला, आणि नंतर त्यानेच हा कृमी आपल्या गोठ्यातल्या जनावरांना दिला.

आणखी एक गोष्ट या मांडणीच्या बाजूने आहे. यजमान जोडणे फायद्याचे म्हणून घडले असेल, तर फायदा संपल्यावर यजमान सुटतही असला पाहिजे. तसे घडलेलेही आहे. माणसातला एक लहानसा पट्टकृमी, हायमेनोलेपिस नाना, मुळात कीटकांमार्फत फिरणाऱ्या गटातला आहे. त्याला आजही कीटक चालतो, पण तो वगळून एका माणसातून बाहेर पडलेल्या अंड्यांमधून थेट दुसऱ्या माणसात जाणेही त्याला जमते. दोन यजमान हा परजीवीचा अटळ स्वभाव असता, तर असे झाले नसते.

४. कामाप्रमाणे वागणूक

आता मूळ मुद्द्याकडे. मुख्य यजमान हे अंडी घालण्याचे ठिकाण, तर मध्यस्थ यजमानाकडे तीनपैकी एखादे काम असते: परजीवीला वाढवणे, पुढे नेणे, किंवा योग्य वेळी खाल्ले जाणे. परजीवी यजमानाशी कसा वागतो ते या कामावर अवलंबून असते, आणि हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते जिथे पुढची कडी आपणहून जुळत नाही तिथे. मेंढीच्या यकृतातला एक छोटा पर्णकृमी, डायक्रोसिलियम, आधी जमिनीवरच्या गोगलगायीत जातो, मग मुंगीत, मग मेंढीत. मेंढी मुंग्या खात नाही. ती गवत खाते. संसर्ग झालेल्या मुंगीत बहुतेक अळ्या पोटात असतात, पण एक तिच्या मेंदूजवळच्या मज्जागाठीत जाऊन बसते. हवा गार झाली की ती मुंगी वारुळात परतण्याऐवजी गवताच्या पात्यावर चढते आणि शेंड्याला जबड्याने घट्ट धरून बसते. ऊन तापले की पात्यावरून उतरते, कारण उन्हात मेली तर मेंढीच्या तोंडी जायचे राहून जाईल. मेंढीचे यकृत या परजीवीचे खरे घर. त्याला मुंगीच्या जिवाशी देणेघेणे इतकेच, की ती गवताबरोबर मेंढीच्या पोटात जावी.

याच्याशेजारी डुकरातला पट्टकृमी ठेवा. डुकराच्या स्नायूंत गाठी झाल्या तरी ते बहुधा निरोगीच दिसते. त्याला पात्यावर चढवायची, वेडेवाकडे वागवायची गरज नाही, कारण माणूस डुक्कर कापणारच आहे. गाठीतल्या अळीला फक्त वाट पाहायची आहे, आणि वाट पाहणाऱ्याला उपयोगाची एकच गोष्ट: डुकराच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत न भरणे. त्यासाठी ती शरीराचा दाह दाबणारी द्रव्ये सोडते. मुख्य यजमानातला प्रौढ कृमीही बराच सभ्य. कित्येकांना आपल्या आतड्यात तो आहे हे शौचात त्याचे तुकडे दिसल्यावरच कळते.

वाहतुकीचे काम असले की वागणूक आणखी निराळी. हत्तीरोगाचा कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत प्रौढ होतो आणि त्याची सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडतो. डासाने ती शोषली की त्याच्यात त्यांची वाढ होते. चीनमधल्या अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सनने १८७७ मध्ये डासात या पिल्लांची वाढ पाहिली. रोगाचा कृमी रक्त पिणाऱ्या कीटकात वाढतो, हे त्यातून पुढे आले. आपल्याकडच्या प्रकारात ही पिल्ले दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी विदर्भातल्या गावांत रात्री दारोदार जाऊन रक्ताचे नमुने घेतात. हा रोग पसरवणारा क्यूलेक्स डास रात्री चावतो. पण पॅसिफिकमधल्या सामोआसारख्या बेटांवर हाच कृमी दिवसा चावणाऱ्या एडीस डासावर अवलंबून आहे, आणि तिथे पिल्ले दिवसाही रक्तात भरपूर सापडतात. माणूस तोच, कृमी तोच. वाहक बदलला आणि वेळापत्रक बदलले.

५. एक आक्षेप, आणि तो बरोबर आहे

यावर म्हणता येते की हा सगळा मागाहून रचलेला अर्थ आहे. आजारी प्राणी विचित्र वागतोच. त्यात परजीवीचा हेतू वाचणे म्हणजे कोणत्याही लक्षणाला कारण चिकटवणे. उंदराचेच पाहा. टोक्सोप्लाझ्मा या जंतूचा मुख्य यजमान मांजर. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले की संसर्ग झालेल्या उंदराला मांजराच्या वासाची भीती उरत नाही, काहींना तर तो वास ओढून घेतो. ही परजीवीची कारागिरी की मेंदूच्या आजाराचा योगायोग? हे नुसत्या एका निरीक्षणावरून सांगता येत नाही.

आक्षेप बरोबर आहे, म्हणून नेमकी चाचणी हवी: वागणूक खरोखर पुढच्या यजमानासाठी असेल, तर परजीवी तयार होईपर्यंत ती उलट्या दिशेची असायला हवी. अपक्व परजीवी खाल्ला गेला तर त्याचे नुकसानच आहे. याची परीक्षा युरोपातल्या शिस्टोसेफॅलस या पट्टकृमीवर झाली. त्याची साखळी पाण्यातल्या एका सूक्ष्म कवचधारी प्राण्यापासून स्टिकलबॅक माशात, आणि माशातून पक्ष्यात जाते. अळी कोवळी असताना त्या सूक्ष्म प्राण्याची हालचाल मंदावते आणि तो माशाच्या नजरेला कमी पडतो. अळी पुढे जायला तयार झाली की हालचाल वाढते. नुसत्या आजारपणाला असे ठरल्या दिवशी पालटणे जमणार नाही. प्रत्येक विचित्र वागणुकीला हे लागू पडेल असे मात्र मी म्हणत नाही. उंदराच्या बाबतीत शंका धरून ठेवणेच शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मुख्य यजमानाशी परजीवी सभ्य वागतो, तर बिल्हार्झिया या पर्णकृमीने माणूस इतका का खंगतो? माणूस त्याचा मुख्य यजमान आहे आणि गोगलगाय मध्यस्थ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात या रोगाचे एक स्थानिक केंद्र सापडले होते, त्यामुळे महाराष्ट्राला तो अगदी परका नाही. त्यात नुकसान करतात ती अंडी. ती मूत्राशयाच्या भिंतीतून बाहेर पडायला हवीत. जी अडकतात त्यांच्याभोवती शरीर दाह आणि व्रण तयार करते. नारूचेही तसेच: त्याच्या मादीला पाण्यात पिल्ले सोडायची असतात, म्हणून ती माणसाच्या पायावर जळजळणारा फोड आणते आणि माणूस पाय पाण्यात घालतो. तेव्हा मुख्य यजमान सुरक्षित, मध्यस्थ यजमान बळी, असा सरळ नियम करता येत नाही. त्या शरीराकडून परजीवीला काय करून घ्यायचे आहे आणि त्यात कुठे अडते, हे पाहणे जास्त उपयोगाचे. आणि सगळ्यात जास्त अडते ते परजीवी भलत्याच शरीरात पोचल्यावर.

६. चुकीच्या जागी वाट पाहणारा

टीनिया सोलियमची अंडी डुकराने खायची असतात. पण ज्या माणसाच्या आतड्यात प्रौढ कृमी आहे त्याच्या विष्ठेत ती असतात, आणि शौचानंतर नीट न धुतलेल्या हातांवरून, मैल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या भाजीवरून, पाण्यातून ती दुसऱ्या माणसाच्या तोंडात जाऊ शकतात. त्या माणसाच्या पोटात ती फुटतात, आणि आतली अळी जे डुकरात करते तेच इथेही करते. रक्तातून ती स्नायूंत, डोळ्यात, मेंदूत जाऊन गाठ करते. माणूस इथे मुख्य यजमान राहिला नाही, तो डुकराच्या जागी आला. म्हणून शाकाहारी माणसाला धोका आहे, आणि तो कोबीत दिसणाऱ्या अळीचा नाही. कच्च्या खाल्लेल्या कोणत्याही भाजीवर न दिसणाऱ्या अंड्यांचा आहे. भाजी शिजवली की अंडी मरतात. कोशिंबिरीची भाजी वाहत्या पाण्यात धुतल्याने धोका कमी होतो.

मांस न खाता हा रोग होतो याचा सर्वांत स्पष्ट दाखला न्यूयॉर्कमधला. १९९२ मध्ये तिथल्या सनातनी ज्यू समाजातल्या चार जणांच्या मेंदूत या गाठी असल्याचे प्रसिद्ध झाले. डुकराचे मांस त्यांच्या धर्माला निषिद्ध, आणि ते पाळणारी ही माणसे. शोध घेतल्यावर माग लागला तो त्यांच्या घरांत स्वयंपाक-धुण्याचे काम करणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कामगारांतल्या पट्टकृमीपर्यंत. त्या कामगारांना आपल्याला कृमी आहे याची कल्पना नव्हती. प्रौढ कृमी सभ्य असतो त्याचा हा परिणाम.

डुकरातली गाठ काही महिन्यांची पाहुणी असते. डुक्कर कापले जाते आणि तिचे काम होते किंवा संपते. माणसाला कापून खाणारा कोणी नाही. मेंदूतली गाठ वर्षानुवर्षे वाट पाहते, प्रतिकारशक्ती दाबून ठेवते, आणि त्या काळात पुष्कळदा काही लक्षणच दिसत नाही. मग अळी मरू लागते, दाब सुटतो, शरीराला शत्रूचा सुगावा लागतो, सूज येते, आणि आकडी येते. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांत ही गोष्ट नीट दिसली, कारण त्यांची सेवेची ठिकाणे आणि तारखा नोंदलेल्या होत्या. डिक्सन आणि लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अनेकांना पहिली आकडी मायदेशी परतून काही वर्षे लोटल्यावर आली होती. मेंदूतल्या पाण्याच्या वाटेत बसलेली गाठ मात्र जिवंत असतानाही धोकादायक असते, कारण ती ती वाट अडवते.

भारतात गाठीचे हे वागणे समजण्याला वेगळे महत्त्व आहे. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन आले, आणि आकडी येणाऱ्या असंख्य तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच छोटा ठिपका दिसू लागला. आपल्याकडे क्षयरोग इतका, की तो ठिपका क्षयाचाच समजून अनेकांना महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी असे ठिपके शस्त्रक्रियेने काढून तपासले, तेव्हा त्यांतले बहुतेक मरत चाललेल्या टीनियाच्या गाठी निघाले. मरत चाललेली एकटी गाठ पुष्कळदा आपणहून विरते. डॉक्टर मुख्यतः आकडी थांबवण्याचे औषध देतात. अनेक जिवंत गाठी असतील तर अळी मारणारे औषध देताना सूज दाबणारे औषधही देतात, कारण एका वेळी पुष्कळ अळ्या मेल्या तर त्या मरणाचाच त्रास जास्त. कुत्र्यामेंढीत फिरणारा एकिनोकॉकस हा पट्टकृमीही माणसात असाच चुकून येतो आणि यकृतात मोठ्या पाण्याच्या गाठी करतो.

७. कडी कुठे तोडायची

एकाहून जास्त यजमान लागणे ही परजीवीची दुबळी बाजू आहे, असे आरोग्य कार्यक्रम आखणारे मानतात, आणि नारूच्या बाबतीत ते खरे ठरले. पिण्याचे पाणी गाळले, पायविहिरी बंद करून त्यांत माणसाचे पाय पडू दिले नाहीत, की माणूस आणि सायक्लॉप्स (पाण्यातला सूक्ष्म प्राणी, नारूचा मध्यस्थ यजमान) यांच्यामधला नारूचा रस्ता तुटतो. राजस्थानात जुलै १९९६ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. पण नारू जगातून अजून गेलेला नाही. आफ्रिकेतल्या चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांत तो मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. मुख्य यजमान एकटा माणूस आहे हा हिशेब तिथे चुकला. म्हणून कोणतीही साखळी तोडण्याआधी तिच्यात आणखी कोणी लपून बसले नाही ना, हे विचारावे लागते.

टीनिया सोलियमच्या बाबतीत याचे उत्तर आशादायक आहे. त्याचा प्रौढ कृमी निसर्गात फक्त माणसातच वाढतो. १९९३ मध्ये रोगनिर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने निर्मूलन शक्य असलेल्या मोजक्या रोगांत त्याचे नाव घातले. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना कृमीनाशक, डुकरांना औषध आणि लस अशी तिहेरी मोहीम झाली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले: एकूण १०७ गावांपैकी १०५ गावांत मोहिमेनंतर नवा संसर्ग घडवू शकेल अशी जिवंत गाठ डुकरांत सापडली नाही. डुकरांची लस मेलबर्न विद्यापीठात लाइटाउलर्सच्या गटाने विकसित केली, आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ती तयार करते.

तरीही ही मोहीम जगभर का चालत नाही, याचे कारण त्या दोन यजमानांतच आहे. डुक्कर आजारी दिसत नाही, म्हणून ते पाळणाऱ्याला लशीचा खर्च करून दाखवण्याजोगे काही मिळत नाही. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याला फारसा त्रास नाही, म्हणून तो दवाखान्यात येत नाही. आकडी येते ती तिसऱ्याला, बहुधा काही वर्षांनी, आणि त्याचा डुकराशी संबंध आलेलाच नसतो. डुक्कर पशुसंवर्धन खात्याकडे, कृमी आरोग्य खात्याकडे, शौचालये ग्रामविकासाकडे, आणि मेंदूची गाठ शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टकडे. खर्च करायचा तो पहिल्या दोघांवर, फायदा व्हायचा तो शेवटच्याला. आणि पेरूतल्या १०५ गावांत हे जमले ते एकाच मोहिमेने माणूस आणि डुक्कर दोघांचेही औषधपाणी एकदम हाती घेतले म्हणून.